याकुपचा आवाज कुठे फाटतो

स्कारवीक, सोमवार, २४ फेब्रुवारी १९९७

प्रिय हानुसकाका,

तिन्ही टेप वाया गेल्या. आज संध्याकाळी तोर्सहावनच्या रेडिओ केंद्रावरून रोईचा फोन आला. त्याने तिथल्या स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर लावून ऐकल्या. बाबा जिथे जिथे ओळ उचलतात, तिथे तिथे आवाज फाटला आहे. मी विचारलं, काही दुरुस्ती होईल का. तो म्हणाला, लहान पडलेला आवाज मोठा करता येतो, पण जास्त होऊन छाटला गेलेला परत आणता येत नाही.

तुम्ही समुद्रापलीकडे ओर्हुसला रेडिओच्या नोकरीत तीस वर्षं काढलीत, म्हणून पुन्हा सांगते. ईस्टरआधीच्या उपवासाच्या तोंडावरच्या रविवारपासून प्रत्येक रविवारचं स्तोत्र वेगळं आहे, आणि जुन्या लांब चालीत ती सगळी आता एकट्या बाबांना येतात. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टला, आपल्या देवळात ऑर्गन बसतोय. पाद्रीसाहेबांनी मुलांना नव्या आखूड चाली शिकवायला घेतल्या आहेत. म्हणजे देवळात बाबा गाणं उचलणार आणि बाकीचे मागून म्हणणार, ते याच वर्षी, शेवटचं. आणि बाबांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्या रविवारचं स्तोत्र त्याच रविवारी. जेवण झालं की स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसतात आणि एकदा, अख्खं, पहिल्या ओळीपासून गातात. तालीम नाही, 'जरा परत' नाही. फोन झाल्यावर मी अगदी विनवून म्हटलं, निदान कालचं तरी पुन्हा म्हणा ना. म्हणाले, 'गेला रविवार गेला. पुढच्या वर्षी येईल.' एकोणऐंशी वर्षांचा माणूस हे बोलतो, आणि वर कॉफी मागतो.

खोक्याबरोबर आलेल्या तुमच्या चिठ्ठीबाहेर मी पाऊल टाकलेलं नाही. मायक्रोफोन दोन हातांवर. त्याची वायर तुम्ही बनवलेल्या, आवाज वाढवायच्या खोक्यात. खोक्यावरचा काटा शून्यापर्यंत, त्यापुढे नाही. खोक्यातून वायर रेकॉर्डरमध्ये. रेकॉर्डरवरचे लाल दिवे एकदाही लागले नाहीत. काटा शून्याच्या आत, दिवे हिरवे, आणि आवाज फाटलेला. म्हणजे खोकं बिघडलेलं आहे. दुसरं काय समजायचं?

बाबांचा निरोप जसाच्या तसा देते: 'हानुसला म्हणावं, तुझ्या खोक्यापेक्षा आमची माशांची बादली बरी. तिच्यात तोंड घालून गायलो तरी इतकं वाईट ऐकू येत नाही.'

तुमची,
मार्यून


ओर्हुस, २ मार्च

मार्यून,

खोकं बिघडलेलं नाही. त्यातल्या अँप्लिफायरच्या दोन्ही पाट्या मी रेडिओच्या जुन्या टेबलातून स्वतः काढली. त्यांच्यातून पंतप्रधानांची भाषणं गेली, वाद्यवृंद गेले, एकदा एक जिवंत बैल गेला, कृषी कार्यक्रमात. कोणी फाटलं नाही. तेव्हा तुझ्या बाबांच्या चार ओळींनी ते फाटेल हे मला सांगू नकोस.

तीस वर्षं आम्ही काटा शून्यावर ठेवला आणि पलीकडचं यंत्र बिनतक्रार ऐकत राहिलं. मग तुझ्याकडेच काय वेगळं आहे? मायक्रोफोन शेगडीजवळ आहे का? फ्रीज चालू होता का? याकुप गाताना टेबलावर मूठ आपटतो, ती अजून आपटतो का? वायर दारात चेमटली आहे का? तू शिक्षिका आहेस, वर्गात एखादा प्रयोग फसला तर मुलांना काय सांगतेस? एका वेळी एकच गोष्ट बदला. तसं कर.

येत्या रविवारी खोक्याचं बटण बरंच खाली आण, काटा हलेल न हलेल इतकं, आणि रेकॉर्डरचं बटण तेवढं वर घे. फाटणं थांबलं तर दोष कुठे आहे ते कळेल. टेप मला पाठव. रोईला नको. रोई काल जन्मलेला आहे.

यंत्र तू मी सांगितलं तेच घेतलंस ना? मागे तीन-तीन टोकांच्या मोठ्या पिना आहेत ते?

याकुपला म्हणावं, बादलीत गायची तुला सवय आहेच. देवळात लोक मागे सरकून का बसतात असं वाटतं तुला?

हानुस


स्कारवीक, १० मार्च

प्रिय हानुसकाका,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. त्याच्या आदल्या रविवारची, म्हणजे २ तारखेची, टेपसुद्धा जुन्याच पद्धतीने फाटली. हा चौथा रविवार गेला. काल तुम्ही सांगितलंत तसं केलं. फ्रीज बंद, शेगडी बंद, कुत्रं बाहेर, बाबांच्या मुठीखाली उशी. खोकं खाली, रेकॉर्डर वर.

आवाज फाटला नाही. पण मागे असा सूंऽऽ आवाज आहे, जसं कोणीतरी सबंध वेळ चरबीत मासे तळतंय. बाबा हळू उतरतात तिथे मासे जास्त, बाबा कमी. मी रडकुंडीला आले. बाबांनी हेडफोन लावून ऐकलं आणि खूश झाले. 'आता कुठे समुद्र ऐकू आला,' म्हणाले. 'हानुसला सांग, हे ठेव.'

काका, मला चार शब्दांत सांगा. खोकं वर केलं की फाटतं, खाली केलं की तळतं. मधली जागा कुठे आहे? आज दिवसभर शाळेत भूगोल शिकवताना मी हाच विचार करत होते. मुलांनी विचारलं, बाई, आइसलँड कुठे गेलं. मी ते नकाशावर काढायचंच विसरले होते.

पाचवी टेप सोबत पाठवतेय.

तुमची,
मार्यून

ता. क. यंत्राबद्दल. मोठ्या पिनांचं यंत्र मागवलं असतं तर जूनमध्ये आलं असतं. म्हणून त्याच कंपनीचं, तसंच दिसणारं, घरी वापरायचं घेतलं. मागे लाल आणि पांढरी, दोन साधी भोकं आहेत. गाणी ऐकायच्या यंत्राला असतात तशी. दुकानदार म्हणाला, आत सगळं सारखंच आहे. तुम्ही चिडाल म्हणून आधी लिहिलं नाही.


ओर्हुस, १४ मार्च

मार्यून,

चिडलो. तुझं पत्र मी ताजा कलमापासून वाचलं असतं तर दोन दिवस आणि एक ट्रान्सफॉर्मर वाचला असता. तो मी उगाच उकलून बसलो होतो.

आत सगळं सारखंच आहे, हे खरं. सारखं नाही ते दार. नीट वाच, हे मी एकदाच लिहिणार आहे.

माझ्या खोक्याचं शून्य ही रोज चालायची वाट आहे. काटा शून्यावर असतो तेव्हा तारेतून दीड व्होल्ट जातात, आणि त्याच्यावर अजून भरपूर आभाळ मोकळं असतं. शिवाय काटा आळशी. याकुप ओळ उचलतो त्या पहिल्या झटक्याला तीन-चार व्होल्ट निघून गेलेले असतात, आणि काटा अजून उठायचाच असतो. रेडिओच्या यंत्राला त्याचं काही नाही, त्याचं दार तेवढं उंच असतं. तुझ्या आकडेमोड्या, म्हणजे डिजिटल, यंत्राचं शून्य म्हणजे वाट नाही, छत. त्याच्या वर एक केसभर जागा नाही. आणि घरगुती असल्यामुळे त्याचं दारही ठेंगणं, फार तर दोन व्होल्टांचं.

आता, तुझं बटण आणि दिवे कुठे आहेत? दाराच्या आत. होड्या ठेवायचं आपलं ठेंगण्या दाराचं नावघर आठव. याकुप ताठ चालत येतो आणि चौकटीला डोकं आपटून घेतो. तू आत उभी राहून छताकडे बघतेस आणि म्हणतेस, जागा तर खूप आहे. तुझं बटण तू कितीही खाली कर, कपाळ बाहेरच फुटलेलं आहे. म्हणून दिवे हिरवे आणि आवाज फाटलेला.

मग मी सांगितलं, खोकं अगदी खाली कर. तेव्हा याकुप दारातून रांगत आला, आणि तुझ्या यंत्राने त्याला ओढून उभं करताना स्वतःचा सगळा कचरा त्याच्याबरोबर उचलला. ते तुझे मासे.

पहिल्या पत्रात मी 'काटा शून्यावर' लिहिलं ते असं, जणू जगात शून्य एकच आहे. तीस वर्षं एकाच इमारतीत बसलेल्या माणसाला तसं वाटतं. ती चूक माझी. यंत्र न सांगणं ही तुझी. आपण दोघांनी मिळून पाच रविवार घालवले.

सोबत लिकोरिसच्या गोळ्यांची डबी आहे. गोळ्या नाहीत, त्या मी खाल्ल्या. आत चार रेझिस्टर जोडले आहेत. डबी खोकं आणि यंत्र यांच्या मधे लाव. खोक्यातून जे निघेल त्याचा चौथा हिस्सा यंत्राला मिळेल. मग खोकं निर्धास्त शून्यावर चालव, आणि यंत्राचं बटण त्याच्या मधल्या खुणेवर ठेव. दोघांनाही आपापल्या जागी ताठ उभं राहता येईल.

एक अडचण उरते. लेव्हल लावायला आधी सगळ्यात मोठा आवाज ऐकावा लागतो, आणि तुझे बाबा तालीम करत नाहीत. तेव्हा त्यांना डोंगरावरच्या स्नारला हाक मारायला सांग, मायक्रोफोनसमोर, खिडकी उघडून. कुत्र्याला मारलेली त्याची हाक आणि तिसऱ्या ओळीची उचल यांत काडीचा फरक नाही. हे मी बारा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय.

हानुस


स्कारवीक, १७ मार्च

प्रिय हानुसकाका,

डबी शनिवारच्या विमानाने आली. काल लावली. बाबांनी हाक मारली, स्नार आला, दिवा छताच्या बराच खाली थांबला. मग बाबा गायले. फाटलं नाही, तळलं नाही. रोईने आज फोनवर थोडं ऐकलं. म्हणाला, हे ठेवण्यासारखं आहे. त्याने डबीबद्दल विचारलं. मी म्हटलं, ओर्हुसचा एक म्हातारा करतो.

टेपची नक्कल तुम्ही मागितलीत म्हणून पाठवतेय. फार बारकाईने ऐकू नका, स्वयंपाकघरात जरा धूर होता.

बाबांचा निरोप: 'डबीला लिकोरिसचा वास येतो. हानुसच्या कामाला पूर्वीपासून खाण्याचाच वास येतो.'

आता झावळ्यांचा रविवार आणि गुड फ्रायडे राहिले. ते नीट होतील. आधीच्या पाचांचं काय करायचं ते मला सुचत नाही. बाबांना मी रोज विचारते, बाबा रोज तेच उत्तर देतात. काल मी ताट जरा जोरात आपटलं. ते म्हणाले, 'ताटाचा आवाज तेवढा घेतला नाहीस ना डबीत?'

मार्यून


फॅक्स. ओर्हुस, २० मार्च

मार्यून,

हा फॅक्स ग्रंथालयातून करतोय. शाळेत दुसरं कोणी वाचणार नसेल अशी आशा आहे.

टेप ऐकली. फाटत नाही. पण ओळीच्या शेवटी, जिथे तो खाली उतरतो, तिथे एक खरखर आहे. मला वाटलं, डबीतला माझा कथलाचा डाग कच्चा राहिला. तशीच डबी पुन्हा केली, माझ्याकडच्या यंत्राला जोडली, दिवसभर तिच्यातून एकसुरी शिट्टी सोडून पाहिली. स्वच्छ. मग चिडून तुझी पाचवी टेप काढली, माशांची. माशांच्या खाली तीच खरखर. तेव्हा तर डबी नव्हतीच.

लेव्हल चुकली की आवाज वरच्या टोकाला फाटतो. मोठा झाला की फाटतो, लहान झाला की साफ होतो. हे उलटं आहे. वर जाताना साफ, खाली येताना खरखर. आणि तो श्वास घेतो तेव्हा तीही थांबते. डाग कच्चा असला तर तो माणसाबरोबर श्वास घेत नाही.

धुराबद्दल तू न विचारता लिहिलंस. तू न विचारता काही सांगतेस तेव्हा दुसरं काही लपवतेस. यंत्राच्या वेळी आपण हे पाहिलंच.

याकुपला काय झालंय?

हानुस


फॅक्स. स्कारवीक, २१ मार्च

काका,

घशात गाठ आहे. स्वरतंतूवर. जानेवारीत कळलं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी, १ एप्रिलला, कोपनहेगनला ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, गाठ वाईट दिसत नाही, बोलता येईल. गाण्याचं त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तोपर्यंत गायलात तर आणखी बिघडणार नाही, एवढं म्हणाले.

तुम्हाला सांगायचं नाही अशी बाबांची सक्त ताकीद होती. 'हानुस रडत येईल आणि माझी कॉफी संपवेल.' मी ऐकलं, कारण रोज एकाच माणसाशी दोन भांडणं मला झेपत नाहीत.

आता कळलं ना, मी पाच रविवारांसाठी एवढी का धावतेय? पुढच्या वर्षी तो रविवार येईल हो. तो गाणारा असेल का?

काल शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, बाबा, देव तारीख बघत बसतो का? ते अजिबात रागावले नाहीत, तेच जास्त वाईट. म्हणाले, 'देव नाही बघत. मी बघतो. माझ्या बापाने बुधवारी रविवारचं स्तोत्र म्हटलं नाही, आणि मी यंत्रासाठी म्हणू? मग ते दाखवायला म्हटलेलं होईल. ऐकणाऱ्याला कळतं.' मी मेंढ्यांना चारा घालायला निघून गेले.

माझ्याकडचे उपाय संपले. तुमच्याकडे दुसरी एखादी डबी असेल तर पाठवा.

मार्यून


फॅक्स. ओर्हुस, २२ मार्च

मार्यून,

सांगायचं नाही म्हणे. त्याला भेटल्यावर बघतो.

आता ऐक. तुझे बाबा सोळा उन्हाळे ग्रीनलंडला मासेमारीला गेले. तिथे मासे लागले की कोणी गळ सोडत नसे, रविवार असो की ख्रिसमस. धुकं उतरलं, मासे थांबले, की जहाजाचा म्होरक्या, तांडेल, म्हणायचा, 'आज रविवार.' मग टोप्या काढायच्या आणि स्तोत्र म्हणायचं. राहिलेले रविवार असे एकामागून एक वसूल करायचे. एकदा एका मंगळवारी तीन रविवार झाले. गाणं कोणी उचललं होतं? याकुपने. मला सांगताना छाती फुगली होती त्याची. तेव्हा बाप बुधवारी म्हणत नसे हे जमिनीवर. समुद्रावर रविवार कधी, ते तांडेल ठरवतो.

विचार त्याला, ही गोष्ट खरी की खोटी.

आणि दुसरं. 'सुन्नुवा' होडी गेल्या शरदात त्याने कोणाच्या नावावर केली? मला तूच लिहिलं होतंस, बंदराच्या कार्यालयात दोन तास बसावं लागलं म्हणून कटकट केली होतीस. होडी तुझी, म्हणजे तांडेल तू.

मी येतोय. धुक्यात विमान उतरेल याचा भरवसा नाही, म्हणून मंगळवारी मालाच्या जहाजाने. ओळखीचा वायरलेसवाला आहे, तो एक बिछाना देतो. मला बोट लागते हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यावर निरोप पाठवायची गरज नाही. बॅटरीवर चालणारी मांडणी आणि तुझ्या यंत्राच्या दाराला बेताची अशी नवी डबी आणतोय. होडीत मायक्रोफोन जवळ घ्यावा लागेल, म्हणजे तो आणखी मोठा ऐकू येईल, म्हणजे चौथा हिस्सासुद्धा जास्त होईल. हे मी आधीच मोजलंय. या वेळी यंत्र कोणतं ते मला माहीत आहे.

ओर्हुसच्या घरात माझ्याकडे टेपची चार कपाटं आहेत. त्यांत तो बैलसुद्धा आहे. याकुप कुठेच नाही.

हानुस


फॅक्स. स्कारवीक, २४ मार्च

प्रिय हानुसकाका,

झावळ्यांच्या रविवारची टेप चांगली आली. ती झाल्यावर, ते कॉफीत साखर ढवळत असताना, मी ग्रीनलंडची गोष्ट विचारली. त्यांनी चमचा बशीत ठेवला.

मग म्हणाले, 'हे तुला हानुसने सांगितलं.'

मी म्हटलं, 'खरं आहे का?'

'खरं आहे. पण तीन नव्हते, चार होते. तो मोजायला तिथे होता कुठे? तो घरी बसून रेडिओ उकलत होता.'

मी म्हटलं, बाबा, सुन्नुवाची तांडेल मी आहे. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं आहे. नंतर अटी सुरू झाल्या. धक्क्याला बांधलेली होडी म्हणजे समुद्र नव्हे, दोर सुटलाच पाहिजे. लाटा अडवायच्या भिंतीपलीकडे गेलंच पाहिजे. इंजिन बंद. टोप्या काढायच्या, तुम्हीसुद्धा, तुमचे कान गारठतात हे कारण चालणार नाही. आणि रविवार झाला हे तांडेलाने मोठ्याने सांगायचं, पुटपुटायचं नाही. मी म्हटलं, वारा असेल तर? म्हणाले, 'वारा असेल तर तांडेल ठरवेल. मला काय विचारतेस?' चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला असं उत्तर दिलं आहे, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

तालमीचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. कुत्र्याला होडीत घेणार नाहीत, म्हणजे हाकही नाही. मग लेव्हल कशी लावायची, मी विचारलं. ते म्हणाले, 'हानुसला माझ्यासमोर बसव, बादली घेऊन. मला त्याला काही सांगायचं आहे. तीस वर्षांचं साठलंय. ते मी पूर्ण आवाजात सांगेन. तेवढ्यात तुमचा काटा काय ते बघून घ्या.'

म्हणून काका, बोट लागली तरी तोंड त्यांच्याकडेच ठेवा. तुम्ही खाली वाकलात तर ते आवाज कमी करतील, आणि आपण पुन्हा फसू.

जहाज गुरुवारी दुपारी तोर्सहावनला लागेल. रोई तुम्हाला घ्यायला येतो आहे. त्याला काल जन्मलेला म्हणू नका, गाडी त्याची आहे. शुक्रवारचं स्तोत्र शुक्रवारी, स्वयंपाकघरात. सोमवारी बाबा आणि मी कोपनहेगनला निघतो. मधला शनिवार मोकळा आहे. बंदरावरचे लोक म्हणतात, वारा शुक्रवारपासून उतरेल. कॉफीचा थर्मास, वाळवलेलं मेंढीचं मांस आणि बाबांची जुनी लोकरीची टोपी मी आजच काढून ठेवली आहे.

राहिलेले रविवार पाच आहेत. मी ठरवलंय, पाचही त्या एकाच शनिवारी, समुद्रावर, जेवणाच्या आधी. पहिला नऊ वाजता सुरू होईल. धक्क्यावर वेळेवर या.

तुमची तांडेल,
मार्यून